लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर: एकाचं कवच, दुसऱ्याचा पापुद्रा

कोरोनाच्या काळात एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली: विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण असतं, साबण किंवा सॅनिटायझर लागला की ते विरघळतं आणि विषाणूचा खेळ संपतो. कोरोनापुरतं हे खरंच आहे. पण तोच हिशेब गोठ्याला लावला की घोटाळा होतो. गावात लाळ्या-खुरकूत आली की दारात सॅनिटायझरची बाटली आणि दावणीला फिनाइल, आणि शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर हा विषाणूचा साथरोग आला तरी तेच. तोंड दोन्हीत येतं, ताप दोन्हीत असतो, त्यामुळे विषाणूही एकाच वळणाचे असतील असं वाटतं. प्रत्यक्षात दोघांच्या बाहेरच्या बांधणीत काहीच साम्य नाही.

लाळ्या-खुरकुतीचा विषाणू उघडा असतो. त्याला स्निग्ध आवरण नाहीच. आहे ते फक्त प्रथिनांचं कवच, म्हणजे कॅप्सिड. आकार साधारण 30 नॅनोमीटर; एका मिलिमीटरच्या लांबीत असे तीसएक हजार विषाणू ओळीनं बसतील. व्हीपी1 ते व्हीपी4 अशी चार प्रथिनं, प्रत्येकाच्या 60 प्रती. चारांचा एक संच, पाच संचांचा एक पंचकोनी तुकडा आणि असे 12 तुकडे जोडून गोल पुरा होतो. आत आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय माहितीचा, एकच धागा. दर कण दुसऱ्या कणासारखा हुबेहूब, म्हणूनच त्याचे स्फटिक करता येतात. 1989 मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं या कवचाची अणूंच्या पातळीवरची रचना मांडली. गंमत अशी, की विषाणू जनावराच्या पेशीला ज्या भागानं धरतो, तो व्हीपी1 वरचा फासच त्या चित्रात नीट दिसला नाही. तो भाग इतका हलता, की स्फटिकातही एका जागी थांबत नव्हता.

पीपीआरचं प्रकरण निराळं. आरएनए असतो, त्याच्याभोवती प्रथिनं असतात, पण ती गोल कवच करत नाहीत. धाग्यावर मळसूत्रासारखी गुंडाळलेली असतात. या सगळ्यावर बाहेरून चरबीचा पापुद्रा. तो विषाणू स्वतः बनवत नाही. शेळीच्या पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पडद्याचा तुकडा अंगावर ओढून घेतो आणि त्यात आपली दोन प्रथिनं खोचतो. एच प्रथिन पेशीला धरतं आणि एफ प्रथिन विषाणूचा पापुद्रा पेशीच्या पडद्यात मिसळवतं. कणांचा आकार ठरलेला नाही. काही दीडशे नॅनोमीटरचे, काही त्याच्या कितीतरी पट मोठे. असल्या वेड्यावाकड्या कणांचे स्फटिक होत नाहीत. म्हणून अशा विषाणूंच्या अभ्यासात एकेक प्रथिन सुटं करून तपासतात, नाहीतर कण गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. या गोठवण्याच्या तंत्राला 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता गोठ्यातला हिशेब. बाहेर पापुद्रा असला की विषाणू मजबूत, असं वाटणं साहजिक आहे, पण बहुतेक वेळा उलटंच असतं. तेलकट ताटाला साबण लागावा तशी पापुद्र्याची गत होते, आणि तो गेला की एच आणि एफ दोन्ही गेले. पीपीआरचा विषाणू मग पेशीत शिरणार कसा? मराठवाड्यातल्या उन्हातही तो उघड्यावर फार टिकत नाही. लाळ्या-खुरकुतीच्या कॅप्सिडला साबणानं विरघळावं असं काही नाहीच. फिनॉलवर आधारलेली औषधंही त्याच्यावर कमी पडतात, आणि शेणामुतात तर आणखीच. त्याची दुखरी नस आहे आम्लता. पंचकोनी तुकड्यांच्या सांध्यावर हिस्टिडिन नावाची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, आहेत. परिसर जरा आम्लधर्मी झाला की त्यांच्यावर धन भार येतो, सांधे एकमेकांना ढकलतात आणि गोल फुटून 12 तुकडे होतात. पेशीत शिरल्यावर आरएनए बाहेर काढायची विषाणूची युक्तीही हीच. म्हणून गोठ्यासाठी 4 टक्के धुण्याचा सोडा, म्हणजे दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम, नाहीतर सायट्रिक आम्लाचं पाणी. सोड्याची तीव्र अल्कताही त्याला सोसत नाही. आधी शेण खरवडून काढायचं, मग फवारायचं. सोडा आणि आम्ल एकत्र मात्र ओतू नका. फेस येईल, एकमेकांचा जोर उतरेल आणि हाती काहीच लागणार नाही.

लसीच्या पेटीत हा फरक सगळ्यात नीट दिसतो, आणि तिथंच लोक सगळ्यात जास्त फसतात. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बैल घेऊन कारखान्यांकडं निघायच्या आधी लाळ्या-खुरकुतीची लस टोचून घ्यावी लागते. ही लस मेलेल्या विषाणूची. मग बर्फ वितळला तर काय बिघडलं, मेलेलं आणखी काय मरणार? बिघडतं ते कवच. उष्णतेनं 12 तुकडे सुटे झाले की संरक्षण देण्याची ताकद फारच घटते. प्रतिकारशक्तीला ओळख पटवायला अख्खा गोल लागतो. बाटली तशीच दिसते, रंग तोच, आणि सुई टोचूनही बैल उघडाच राहतो. ही लस गोठवूनही चालत नाही, कारण तिच्यातलं तेलाचं मिश्रण फुटतं. 2 ते 8 अंशांत ठेवायची.

पीपीआरची लस मात्र जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची. तिलाही थंडी हवी, पण कारण वेगळं: विषाणू जिवंत राहिला पाहिजे. ती कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि द्रावण मिसळल्यावर लवकर संपवावी लागते. पीपीआरचा एकच सीरोटाइप, म्हणजे प्रतिकारशक्तीला वेगळा वाटणारा प्रकार, आहे, त्यामुळे एक लस विषाणूच्या सगळ्या वंशांवर चालते आणि उस्मानाबादी शेळीला एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. लाळ्या-खुरकुतीच्या कवचाचा पृष्ठभाग सतत बदलतो. जगात सात सीरोटाइप आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून आपल्या लसीत ओ, ए आणि एशिया-1 तिन्ही असतात आणि देवणी गाय असो की लाल कंधारी, दर सहा महिन्यांनी सुई ठरलेली.

पापुद्र्याचा विषाणू नाजूक, या वरच्या नियमाला एक अपवाद लक्षात ठेवा. लम्पीचा विषाणूही पापुद्र्याचा, पण देवीच्या कुळातला, विटेच्या आकाराचा आणि चिवट. वाळलेल्या खपलीत तो महिनाभरही जगू शकतो, म्हणून खपल्या उकिरड्यावर टाकायच्या नाहीत.

2013 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लाळ्या-खुरकुतीच्या सांध्यातलं एक अमिनो आम्ल बदलून तुकडे एकमेकांना गंधकाच्या बंधानं जखडले. कवच रिकामंच, आत आरएनए नाही, त्यामुळे संसर्गाची भीती नाही आणि उष्णता-आम्लही जास्त सोसतं. बंद पडलेल्या फ्रीजच्या दवाखान्यात या संशोधनाचं महत्त्व चटकन कळेल.