घरातल्या धान्यातला कुत्र्याचा वाटा: खान्देशातल्या घरगुती 'डॉग बिस्किटां'मागचा इतिहास

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारकडच्या घरांत अलीकडे कुत्र्यासाठी खास बिस्किटं भाजली जातात. ज्वारीचं पीठ, भोपळा, अंडं, थोडे शेंगदाणे. मीठ नाही, साखर नाही. पाहणारे म्हणतात, मोठ्या शहरातलं फॅड इथवर पोचलं. मला हे पटत नाही. कुत्र्यासाठी घरच्या पिठाचं काही भाजणं खान्देशात नवीन नाहीच. नवीन गोष्ट म्हणजे कुत्र्याचं खाणं दुकानातून आणणं. ती सवय जगात जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे, आणि आपल्याकडे त्याहून कितीतरी अलीकडची.

गावाकडच्या स्वयंपाकघरात भाकऱ्यांचा हिशेब ठरलेला असायचा. पहिली गाईला, शेवटची कुत्र्याला. शेवटची भाकरी तव्यावर टाकताना पिठाचा उरलासुरला कोंडा, परातीला चिकटलेलं पीठ, सगळं तिच्यात जायचं. 'कुत्राले भाकर टाकी दे' हे अहिराणी घरातलं रोजचं सांगणं, आणि ते काम बहुधा पोरांकडे असे. ही भाकरी उष्ट्याखरकट्यातली नव्हती, मुद्दाम थापलेली होती. आज आठवण काढताना लोक 'उरलंसुरलं घालायचो' असं म्हणून मोकळे होतात आणि ही बाब निसटते.

त्यामागे धर्माचाही धागा होता. श्राद्धपक्षात कावळ्याला, गाईला घास काढतात तसा कुत्र्यालाही काढतात. यमाचे श्याम आणि शबल हे दोन कुत्रे, त्यांच्या नावाने तो श्वानबळी. सारंगखेड्याला दत्तजयंतीची मोठी यात्रा भरते ती घोड्यांच्या बाजारासाठी सगळीकडे ठाऊक आहे, पण ज्याच्या नावाने ती भरते त्या दत्ताची आपल्या घराघरांतली तसबीर आठवून पाहा: पायाशी चार कुत्रे. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. आणि कोरडी पोळी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा न ऐकलेला मराठी माणूस विरळा.

साक्री भागातल्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर कुत्रा हा कामाचा गडी. रात्रभर लांडग्यावर नजर ठेवायची, दिवसा कळपामागे चालायचं. त्याला बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, सोबत दूध किंवा ताक. गंमत अशी की ही पद्धत आपली एकट्याची नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लेखक व्हॅरो याने मेंढपाळांच्या कुत्र्यांना दुधात भिजवलेली सातूची भाकरी द्यावी असं लिहून ठेवलं आहे. मेंढरं, कुत्रा, भरड धान्य आणि दूध एकत्र आलं की माणसं जवळजवळ तेच करतात.

खान्देशात माणूस शेती करू लागला तो काळ याहूनही जुना. तापीकाठच्या सावळदा गावावरून पुरातत्त्वात एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव पडलं. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे आणि गिरणाकाठचं बहाळ इथेही त्या काळच्या वस्त्या उत्खननात मिळाल्या. याच सावळदा संस्कृतीचे थर दक्षिणेला प्रवरेकाठी दैमाबादलाही आहेत. तिथे 1974 साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, त्यात बैलजोडीचा एक रथ आहे. रथात उभा माणूस, आणि पुढे दांड्यावर उभा कुत्रा. या वस्तूंच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बैल, माणूस आणि कुत्रा हे त्रिकूट शेतकऱ्याला ओळखीचं वाटल्यावाचून राहत नाही.

शेतीशेजारी राहिल्याची खूण कुत्र्याच्या शरीरातही आहे. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी लांडगा व कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या एएमवाय2बी या जनुकाच्या लांडग्यात सहसा 2 प्रती असतात, कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. पुढे 2016 मधल्या अभ्यासात दिसलं की जिथे शेती फार पूर्वीपासून आहे, तिथल्या कुत्र्यांत या प्रती जास्त आहेत. म्हणजे भाकरी खाणारा कुत्रा हा उपासमारीने भाकरीवर आणलेला लांडगा नव्हे. हजारो वर्षं माणसाच्या कणगीशेजारी राहून त्याचं पोट बदललं. अर्थात नुसत्या भाकरीवर तो धडधाकट राहतो असा याचा अर्थ नाही. त्याला प्रथिनं लागतातच. ताक, अंडं, मांसाचा तुकडा, शेतात स्वतः धरलेला उंदीर यांतून ती मिळत.

आता दुकानातल्या बिस्किटाकडे येऊ. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा जेम्स स्प्रॅट हा विजेपासून इमारतींचा बचाव करणाऱ्या वाहकांचा विक्रेता. 1860 च्या सुमारास तो धंद्यासाठी लंडनला आला. गोदीत खलाशी आपली दगडासारखी टणक जहाजी बिस्किटं कुत्र्यांना टाकतात आणि कुत्री ती आवडीने खातात, हे त्याने पाहिलं अशी हकिगत सांगितली जाते. त्यावरून त्याने गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि सुकवलेलं गोमांस यांचा 'डॉग केक' बनवला. गिऱ्हाईक ठरवलं ते शिकारी कुत्री पाळणारे जमीनदार. स्प्रॅटच्याच कंपनीत चार्ल्स क्रफ्ट हा तरुण विक्रेता होता. त्याने 1891 साली लंडनला स्वतःच्या नावाचं कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं, ते 'क्रफ्ट्स' आजही भरतं. जातिवंत कुत्रा आणि पाकिटातलं खाणं ही जोडी तिथे जमली, ती अजून सुटलेली नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. 1908 साली न्यूयॉर्कमध्ये हाडाच्या आकाराचं 'मिल्क-बोन' निघालं, 1922 च्या सुमारास घोड्याच्या मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्यावर निर्बंध येताच डबे मागे पडून सुकं खाणं पुढे आलं. 1957 मध्ये प्युरिना या कंपनीने न्याहारीचे कुरकुरीत दाणे बनवायचं तंत्र कुत्र्याच्या खाण्याला लावलं आणि आज दिसतात ते दाणे बाजारात आले. पिठाचा लगदा दाबाने, उष्णतेने छिद्रातून बाहेर काढायचा, तो फुगतो, मग त्यावर चरबीचा आणि चवीचा हात फिरवायचा.

या काळात खान्देशातल्या कुत्र्याचं काय चाललं होतं? त्याची भाकरी चालूच होती. बदल शिरला तो चहाच्या टपरीवरून. पारलेचं ग्लुको बिस्किट 1939 पासूनचं; नंतर ग्लुकोजच्या बिस्किटांचा स्वस्त पुडा खेड्यापाड्यांत पोचला आणि एसटी स्टँडवरच्या कुत्र्याला भाकरीच्या जागी गोड बिस्किट मिळू लागलं. देणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, यात शंका नाही. पण त्या बिस्किटात मैदा, साखर आणि तेल यापलीकडे कुत्र्याच्या उपयोगाचं फार थोडं आहे. इतिहासाच्या दृष्टीने मला हा टप्पा महत्त्वाचा वाटतो, कारण 'कुत्र्याचा खाऊ म्हणजे बिस्किट' हे समीकरण आपल्या मनात पारलेच्या पुड्याने घातलं, स्प्रॅटच्या केकने नव्हे.

मग बंगल्यांत पॉमेरेनियन आले, 2003 च्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर पग आले, आता फ्लॅटमध्ये लॅब्राडोर आहेत. घरात चुलीऐवजी गॅस, भाकरीऐवजी पोळी, आणि कुत्र्याच्या ताटलीत पाकिटातले दाणे. शेवटची भाकरी थापायचं बंद झालं.

परतीचं वळण 2007 साली अमेरिकेत लागलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचं प्रमाण फुगवून दाखवण्यासाठी मेलामाइन हे रसायन मिसळलेलं निघालं. त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचून कुत्री-मांजरं दगावली आणि सहा कोटींच्या आसपास डबे व पाकिटं बाजारातून परत घ्यावी लागली. वेगवेगळ्या नावांची पाकिटं एकाच कारखान्यातून येतात, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या सुक्या चिकनच्या पट्ट्यांबद्दलही सावध केलं. आपण स्वतःच भाजलेलं बरं, ही भावना तिथून वाढली आणि 2020 च्या टाळेबंदीत, जेव्हा घरोघरी केक भाजले जात होते, तेव्हा आपल्याकडेही ती रुजली.

या लाटेबरोबर 'धान्य नको' हा आग्रहही आला. त्याबद्दल ठामपणे बोलायला हवं. 2018 मध्ये त्याच प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणा-मसुरावर भर दिलेलं खाणं आणि हृदयाचे स्नायू सैल पडण्याचा आजार यांचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, पण धान्य टाळल्याने कुत्रा निरोगी राहतो हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. दादर जातीच्या ज्वारीच्या मुलखात राहून कुत्र्यासाठी परदेशी बदामाचं पीठ मागवायची गरज नाही.

खान्देशाला भाजणं शिकवावं लागलं नाही. गोवऱ्यांच्या विस्तवात बट्टी भाजणारा, खापरावर मांडे करणारा हा मुलूख. दिवाळीआधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचं पीठ, तूप, साखर डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायची आणि नानकटाई, बिस्किटं भाजून आणायची, ही पद्धत धुळे-जळगावच्या कित्येक घरांनी पाळली आहे. त्यामुळे कुत्र्याची बिस्किटं करताना बायकांनी बाहेरून आलेली कृती जशीच्या तशी न घेता तिला बट्टीच्या अंगाने वळवलं, याचं नवल वाटत नाही.

बट्टीचं पीठ गव्हाचं, जाडसर दळलेलं, त्यात थोडा मका. कुत्र्यासाठी त्यातून मीठ, ओवा आणि हळद-हिंगाचा सगळा मसाला जातो. निम्मं दादरचं पीठ घातलं तर कस वाढतो, पण ज्वारीच्या पिठाला चिकटा नाही. लाटायला गेलं की कडा फाटतात. उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडं ती उणीव भरून काढतात. पिकलेलं केळंही चालतं. जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण म्हणून ते डझनाने घालायचं नाही. साखर वाढते आणि बिस्किट मऊ राहतं. गोळा घट्ट मळायचा, बोटाच्या पेराएवढ्या वड्या कापायच्या, 150-160 अंशांवर पाऊण तासापर्यंत भाजायच्या आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायच्या. दोन बोटांत दाबली तर वडी कट्कन तुटली पाहिजे. वाकली, तर आत ओल आहे.

जुनं सगळंच बरं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. आपलं शेवभाजीचं कालवण, पातीच्या कांद्याचं भरीत, लसणाची फोडणी हे कुत्र्याच्या भाकरीवर ओतलं जायचं, अजूनही जातं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने तो गुण जात नाही, आणि थोडं थोडं रोज दिलं तरी अपाय होतो. बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंडाला घातक असल्याचं तर पशुवैद्यकांच्या ध्यानात आलं ते या शतकाच्या उंबरठ्यावर. चॉकलेट नको, आणि 'शुगर फ्री' पीनट बटरमधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घातलेलं गोड द्रव्य, तर थेंबभरही नको. त्याने रक्तातली साखर एकदम कोसळते. शेंगदाणे घरी भाजून कुटलेले उत्तम.

फक्त ते शेंगदाणे आणि मका निवडून घ्यावेत, आणि याला आपल्या शेजारचाच इतिहास आहे. 1974 च्या अखेरीस गुजरातेतला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा या भिल्लवस्तीच्या भागांत काविळीची जीवघेणी साथ आली. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्याला बुरशी धरली होती, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतात गेलं. शंभराहून अधिक माणसं दगावली. तपास करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवलं की गावातल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता; माणसांबरोबर तीही मेली. त्यांची भाकरी त्याच कणगीतली होती. त्यामुळे 'माणसाला चालणार नाही, कुत्र्याला घालू' म्हणून काळवंडलेले दाणे बाजूला काढायची सवय घातकच. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात धान्याला वास धरतो, तेव्हा तर अधिक जपायचं. भाजलेली बिस्किटंही त्या दिवसांत आठवड्याची आठवड्यालाच करावीत.

प्रमाणाचं सांगायचं तर, खाऊतून दिवसाच्या उष्मांकांचा दहावा हिस्सा जावा, त्याहून जास्त नाही, असं पशुवैद्य सांगतात. 10 किलो वजनाच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 किलोकॅलरी लागतात. त्यातल्या 60 म्हणजे लहान भाकरीचा तिसरा हिस्सा. लॅब्राडोरवाल्यांनी हे जरा जास्तच पाळावं. 2016 च्या ब्रिटिश संशोधनात या जातीतल्या चारांतल्या जवळपास एका कुत्र्यात पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्यांचं वजन जास्त भरतं आणि खाण्यावरचं लक्ष हटत नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघून किती द्यायचं ते ठरवलं तर हिशेब चुकणारच.