छतापर्यंत स्टोव्हपाइप, त्यापुढे चिमणी

मराठी घरात ‘चिमणी’ म्हटलं की गॅसच्या शेगडीवरची, पंख्यावर चालणारी पेटी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत लाकडाचा स्टोव्ह असलेलं घर घेताना ते चित्र बाजूला ठेवावं लागतं. इथे पंखा नाही. तापलेला धूर हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या मागोमाग खोलीतली हवा स्टोव्हमध्ये ओढली जाते. ही ओढ टिकायची तर धूर टोकापर्यंत गरम राहायला हवा. त्याच्या वाटेवर दोन वेगळ्या वस्तू असतात: स्टोव्हपासून छतापर्यंत स्टोव्हपाइप आणि तिथून आकाशापर्यंत चिमणी. दोन्ही गोल, दोन्ही बहुधा 6 इंची, म्हणून गल्लत होते. स्टोव्हपाइपच भिंतीतून किंवा माळ्यातून वर नेला तर घराला आग लागू शकते. ती पहिल्याच हिवाळ्यात लागेल असं नाही; वर्षानुवर्षं तापून कोळसत गेलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं.

साधा स्टोव्हपाइप म्हणजे काळ्या पत्र्याची एकपदरी नळी. 6 इंची नळीला 24 गेज जाडीचा पत्रा लागतो. ही नळी खोलीतही ऊब सोडते, म्हणून लाकडी भिंत, पडदा किंवा कपाट तिच्यापासून 18 इंच लांब हवं. दुपदरी स्टोव्हपाइपला साधारण 6 इंच पुरतात. नेमका आकडा त्याच्यावरच्या लेबलवर असतो. खरी फसगत या दुपदरीनेच होते. दोन पदर बघून लोक त्याला चिमणी समजतात, पण त्या पदरांमध्ये नुसती हवा असते.

चिमणीच्या आत स्टेनलेस स्टील, बाहेर दुसरा पत्रा आणि मध्ये साधारण इंचभर घट्ट भरलेलं उष्णतारोधक असतं. हातात घेतली की वजनच फरक सांगतं. तरी लेबल वाचा: ‘यूएल 103 एचटी’ हवं, हे अमेरिकेतल्या सुरक्षा-चाचणीच्या मानकाचं नाव. अशी चिमणी 1000 अंश फॅरनहाइटचा धूर सतत आणि 2100 अंशांचे दहा-दहा मिनिटांचे तीन झटके सोसते का, हे तपासलेलं असतं. गॅसच्या उपकरणांसाठीचा ‘बी व्हेंट’ही दुपदरी दिसतो, त्याचा आतला पदर ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला, म्हणजे साधारण 1220 अंश फॅरनहाइटला, वितळतं. लाकडाच्या स्टोव्हला तो कधीही लावू नये.

व्यास स्टोव्हच्या तोंडाइतकाच ठेवा. 6 इंची नळीचं क्षेत्रफळ 28 चौरस इंच, 8 इंचीचं 50. मोठ्या नळीत धूर जवळपास निम्म्या वेगाने जातो, थंड होतो आणि क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखी चिकट काजळी, आत साचते.

जोडणीत सर्वांत जास्त चुकतं ते एकपदरी पाइपच्या सांध्यात. चुण्या असलेलं निमुळतं टोक खाली, स्टोव्हच्या दिशेने यायला हवं. उलट बसवलं तर धूर गळणार नाही असं अनेकांना वाटतं. पण आत ओढ असते, त्यामुळे फटीतून खोलीची हवाच आत जाते. गळतो तो क्रिओसोट, आणि टोक उलटं असलं की तो पाइपच्या बाहेरून ओघळतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारा. आडवा भाग शक्यतो नकोच. असलाच तर दर फुटाला पाव इंच चढ द्या. चिमणीला मात्र आतल्या पदरापर्यंत जाणारा स्क्रू चालत नाही. तिचे तुकडे फिरवून अडकतात आणि वजन छतातल्या आधारपेटीवर येतं, स्टोव्हपाइपवर नाही.

माळ्यात चिमणीभोवती, तुळई-वाशांपासून, निदान 2 इंच जागा मोकळी हवी. थंडी आत येते म्हणून त्या फटीत कापूस-फोम कोंबणं ही आम्हाला सर्वांत घातक वाटणारी चूक. ती मोकळी हवाच लाकडाला थंड ठेवते. इन्सुलेशन दूर ठेवायला पत्र्याचं कवच मिळतं, ते बसवा. छपरावर चिमणी निदान 3 फूट वर हवी, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट उंच.

तपासणी दोन्हींची वेगळी. स्टोव्हपाइप काढून उजेडात धरा. बोटांनी दाबल्यावर पत्रा दबला तर बदला. तो झिजणारा भाग आहे. चिमणी वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. आत 1/8 इंच थर दिसला की ब्रशने झाडायची वेळ झाली. काचेसारखा चकचकीत थर ब्रशने निघत नाही, तिथे व्यावसायिकच लागतो. रेल्वेसारखी घरघर ऐकू आली तर चिमणीत आग आहे: हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. त्यानंतर आतला पत्रा वाकलेला किंवा फाटलेला असू शकतो, म्हणून कॅमेऱ्याने पाहिल्याशिवाय पुन्हा जाळ करू नका. घर विकत घेतानाही हीच तपासणी, ‘लेव्हल 2’ या नावाने, मागावी. तिच्यात माळ्यातला भागही पाहिला जातो.