वाकळीचे जतन (सातारा-सांगली)

जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण म्हणजे गोधडी. सातारा-सांगलीकडच्या घरांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेली लहान, मऊ गोधडी म्हणजे दुपटे. आजी-पणजीकडून आलेली वाकळ धुणे, वाळवणे, घडी घालून ठेवणे आणि तिची डागडुजी करणे, हे सगळे जतनात येते.

वाकळीचे कापड ती शिवण्याआधीच वर्षानुवर्षे नेसलेले, दगडावर आपटलेले असते. पुष्कळदा त्यात दंड घातलेले, म्हणजे फाटका भाग काढून उरलेले तुकडे जोडून शिवलेले, लुगडेही सापडते. ती टिकते ती दोऱ्यामुळे. जवळजवळ घातलेले टाके ताण वाटून घेतात आणि एखादा थर विरला तरी शेजारचे थर त्याला धरून राहतात. म्हणून फाटलेल्या जागेपेक्षा सुटलेला दोरा आधी पाहावा.

या दोन जिल्ह्यांत हवेचे दोन टोकाचे प्रकार आहेत. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत भागांत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. हवेतली आर्द्रता फार दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली की सुती कापडावर बुरशी धरते. त्यामुळे पाटण-जावळीकडे ओल सांभाळावी लागते, तर माणदेशात धूळ आणि उंदीर.

पत्र्याच्या ट्रंकेत वाकळ नुसती घालून ठेवू नये. पत्रा गंजतो, आणि गंजाचा तांबूस डाग कापडातून जात नाही; पुढे त्याच जागी भोक पडते. लाकडी पेटीतूनही आम्ल झिरपते. दोन्हींत आधी धुतलेल्या, खळ गेलेल्या मांजरपाटाचे (साध्या, न रंगवलेल्या सुती कापडाचे) अस्तर घालावे आणि वाकळ त्यातच गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत आतली ओल आतच कोंडते. जुन्या घरांत वाकळा उघड्या वलणीवर (कपडे टाकायच्या आडव्या दांडीवर किंवा दोरीवर) टाकत. हवा खेळत असल्याने ती सोय बंद ट्रंकेपेक्षा वाकळीला अधिक मानवते, मात्र धूर आणि धूळ बसते.

घडी हीसुद्धा इजाच असते. वर्षानुवर्षे एकाच रेघेवर घातलेली वाकळ उजेडासमोर धरली तर त्या रेघेवर टाक्यांमधून बारीक उजेड दिसतो. तिथले धागे मोडलेले असतात. दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदलावी आणि घडीत मांजरपाटाची सैल वळकटी ठेवावी. जागा असेल तर रुंद नळीवर गुंडाळणे सर्वांत चांगले.

चंदेरी कसर खळीच्या आणि सुताच्या मागे येते. पतंगाची अळी लोकर आणि रेशीम खाते, म्हणून इरकलीचा रेशमी पदर शिवलेल्या वाकळीला तिचा धोका अधिक. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवण्याची रीत आहे. पाला कापडाला थेट लावू नये, डाग पडतो. डांबरगोळ्याही पुरचुंडीतच ठेवाव्यात, पण बाळाच्या दुपट्याजवळ त्या मुळीच ठेवू नयेत.

घटस्थापनेआधी घर सारवून वाकळा नदीवर नेऊन धुण्याचा प्रघात कृष्णा-कोयनेकाठी सर्वांना ठाऊक आहे. रोजच्या वाकळीला ते ठीक, पण पिढीजात वाकळ आपटू-पिळू नये. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंग दाबून पाहावा. फडक्याला रंग लागला तर धुवू नये. रंग पक्का असेल तर कोमट पाण्यात, रिठ्याच्या निथळलेल्या पाण्याने हलके दाबत धुवावी. ओली वाकळ इतकी जड होते की टोकांना धरून उचलली तर टाके तुटतात. खाली चादर घालून दोघांनी उचलावी आणि बाजेवर सावलीत पसरावी. सुंभाच्या विणीतून खालूनही हवा लागते. ऊन दाखवायचे तर सकाळचे, थोडा वेळ, उलटी बाजू वर करून.

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत अनेक घरांच्या वाकळा चिखलात गेल्या. अशी वाकळ चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्यात बुडवून काढावी. वाळलेला गाळ धाग्यांत रुततो आणि नंतर घासून काढताना कापडच झिजते.

फाटलेली वाकळ आत घालून वरून नवी शिवणे ही जुनी रीत आहे. उबेसाठी ती चांगली असली, तरी त्यात पणजीच्या लुगड्याचे काठ कायमचे झाकले जातात. पिढीजात वाकळीला ठिगळ लावताना जुने कापड न कापता त्याच्या खाली मऊ सुती तुकडा सरकवून सैल टाके घालावेत, म्हणजे पुढे उसवता येतात. कोणते लुगडे कुणाचे, वाकळ कुणी शिवली, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून मांजरपाटाच्या पट्टीवर दोऱ्याने लिहावे आणि पट्टी मागच्या कोपऱ्यात टाचावी.