कोथिंबीर (घरगुती बियाणे)

चामर कुलातील (एपिएसी) कोरिअँड्रम सॅटिव्हम या वर्षायू ओषधीची पाने कोथिंबीर म्हणून आणि पक्व फळे धने म्हणून सर्वपरिचित आहेत. बियाणे म्हणून पेरला जाणारा धना हे वस्तुतः पालिभेदी फळ असून त्यात प्रत्येकी एक बी असलेले दोन फलांश असतात. ते आपोआप सहसा सुटत नाहीत, म्हणून पेरणीपूर्वी धने हलके रगडून दुभंगतात.

मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. मळ्यातून निसटलेली झाडे पडीक जमिनीत सहज रुजत असल्यामुळे खरी रानटी वनस्पती ओळखणे अवघड जाते. इस्राएलमधील नहल हेमार गुहेत मृत्पात्रपूर्व नवाश्मयुगीन थरांत फलांश मिळाले. मात्र ते लागवडीचे की रानातून गोळा केलेले, हे त्यांवरून ठरत नाही. ईजिप्तचा राजा तुतांखामेन याच्या थडग्यात (इ.स.पू. सु. १३२५) सुमारे अर्धा लिटर धने सापडले. ईजिप्तमध्ये ही वनस्पती रानटी अवस्थेत आढळत नसल्याने हा लागवडीचा पुरावा अधिक सबळ मानता येतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (६.१.१४३) ‘कुस्तुम्बुरु’ (धने) हा शब्द आला आहे, त्यावरून भारतातील परिचय जुना ठरतो, मूलस्थान नव्हे. एकंदरीत पूर्व भूमध्य प्रदेश व पश्चिम आशिया यांकडेच कल झुकतो. मोठ्या (३–६ मिमी.) व लहान (१.५–३ मिमी.) गोल फळांचे प्रकार वेगळे मानतात; भारतीय वाणांची फळे बहुधा लांबट असून त्यांत बाष्पनशील तेल कमी असते.

महाराष्ट्रात बियाण्यासाठी ऑक्टोबर–नोव्हेंबरमधील पेरणी सोयीची पडते, कारण उन्हाळ्यात झाडे पाला धरण्याआधीच फुलावर येतात. जुडीसाठी झाडे मुळासकट उपटतात, त्यामुळे बियाण्याची झाडे आधीच वेगळी राखावी लागतात. पाल्यासाठी वाण टिकवायचा असल्यास सर्वांत आधी फुलावर आलेली झाडे राखू नयेत. घरोघरी नेमके उलट घडते, कारण जुडीतून सुटलेले, फुलावर आलेले झाडच बियाण्याला राहते. फुलातील पुंकेसर किंजल्काआधी (स्त्रीकेसराच्या टोकाआधी) पक्व होतात व मधमाश्यांमार्फत परपरागणही होते, म्हणून दोन वाण शेजारी लावल्यास बियाण्यात मिसळ होते.

मधल्या मुख्य चामरातील (छत्रीसारख्या फुलोऱ्यातील) फळे आधी पिकतात, कडेच्या फांद्यांवरील मागाहून. सगळी पिकण्याची वाट पाहिल्यास आधीची झडून जातात. निम्मी फळे पिवळसर तपकिरी झाली की पहाटेच्या दवात झाडे कापावीत. हिरव्या फळांना आल्डिहाइड या संयुगांमुळे ढेकणासारखा उग्र वास येतो. फळे पिकताना तो जाऊन लिनॅलूल या तेलघटकाचा गोड सुगंध प्रबळ होतो, ही रंगाइतकीच भरवशाची खूण होय. पेंड्या सावलीत उलट्या टांगून, वाळल्यावर कापडावर झोडपून धने पाखडतात. ते पूर्ण वाळले नाहीत तर डब्यात बुरशी धरते. कोरड्या, थंड जागी हवाबंद ठेवलेल्या बियाण्याची उगवणक्षमता पहिली एक-दोन वर्षे चांगली राहते, पुढे घटत जाते.