ट्रायल पिस्तुलांचा माग आणि कोल्हापूरचे शिलेखाने : थोडी पार्श्वभूमी

ट्रायल पिस्तूल म्हणजे सैन्यानं नवीन हत्यार निवडण्याआधी तपासून बघायला घेतलेला नग, आणि माग म्हणजे तो कुणाकडून कुणाकडं गेला याचा पुरावा. फक्त या ट्रायल दोन तऱ्हेच्या होत्या हे डोक्यात पक्कं पाहिजे. एक म्हणजे कमिटीसमोर एक-दोन नग ठेवायचे, झाडून बघायचे आणि परत पाठवायचे. इंग्रजांच्या बहुतेक ट्रायल अशाच. त्यांचं मार्स पिस्तूल घ्या, १९०१ ते १९०३ च्या आसपास तपासलं, धक्का इतका की कुणाला झेपेना, नापास केलं, आणि सगळे मिळून जेमतेम ८० नग बनले असतील. दुसरी तऱ्हा म्हणजे शेकड्यांनी नग विकत घेऊन पलटणीत वापरायला द्यायचे. अमेरिकेनं ही केली, आणि बाजारात "ट्रायलचं आहे" म्हणून जे काही फिरतं ते बहुतेक या दुसऱ्या तऱ्हेचं असतं, निदान तसा दावा तरी असतो.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्ये .३८ च्या (म्हणजे इंचात मोजलेल्या जाडीच्या) गोळीनं थांबेनात, मग १९०४ मध्ये मढ्यांवर आणि कत्तलखान्यातल्या गुरांवर गोळ्या झाडून बघितल्या आणि .४५ च पाहिजे असं ठरलं. १९०७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कोल्ट, सॅव्हेज आणि लुगर ही पिस्तुलं समोरासमोर आली. सैन्याच्या तपासणी बोर्डानं पलटणीत वापरून बघायला २०० च्या हिशेबानं नग मागवायचं ठरवलं, लुगरवाल्यांनी अंग काढून घेतलं, राहिले दोघं. शेवटची परीक्षा मार्च १९११ ला, ६००० गोळ्या, कोल्ट एकदाही अडकलं नाही आणि २९ मार्चला पास झालं.

पण संग्राहकाचं काम खरं सुरू होतं ते हरलेल्या पिस्तुलापासून. सॅव्हेजचे ते नग सैन्यानं विकून टाकले, बरेचसे फिरून कंपनीकडेच गेले, कंपनीनं पॉलिश मारून, नवीन ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) करून ते साध्या गिऱ्हाइकाला विकले. म्हणजे आज एखादं अगदी चकाचक सॅव्हेज .४५ दिसलं तर ते जपून ठेवलेलं असेल किंवा १९१२ नंतर कंपनीतच नटवलेलं असेल, आणि दोन्ही अस्सलच. यातलं कोणतं हे ओळखायला शिक्के उथळ झालेत का, कडा गोल झाल्यात का, भोकांच्या तोंडाशी धातू ओढल्यासारखा दिसतो का हे बघायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एखादा जुना लेथवाला हे फोटोवरून पण सांगतो, कागदपत्रवाल्यांपेक्षा लवकर सांगतो.

लुगरचा गुंता आणखी वेगळा. १९०१ मध्ये अमेरिकन सैन्यानं ७.६५ मिमी ची १००० लुगर घेतली, चेंबरवर (गोळी बसते त्या भागावर) अमेरिकन गरुड कोरलेला. पुढं ती जुन्या लष्करी मालाच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. आता अडचण अशी की तोच गरुड अमेरिकेतल्या साध्या गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या लुगरवर पण आहे, त्यामुळं गरुड दिसला की ट्रायल हे समीकरण फुसकं. नंबर साधारण ६१०० ते ७१०० च्या पट्ट्यातले धरतात, आणि हा पट्टा संग्राहकांनीच हाती लागलेल्या पिस्तुलांवरून जुळवलाय. कोल्टचं तसं नाही, त्यांच्या जुन्या वह्या टिकल्यात, फी भरली की नंबरावरून कधी कुठं पाठवलं याचं पत्र मिळतं. माझ्या मते असं पत्र दहा शिक्क्यांना भारी आहे.

आपल्याकडं ही पिस्तुलं यायची वाट म्हणजे मुख्यतः इंग्रज अधिकारी. त्यांना हत्यार स्वतःच्या पैशानं घ्यावं लागायचं, सरकारी गोळी बसली की झालं, मग कोण काय घेईल याचा नेम नव्हता. दुसरी वाट संस्थानांची. १८७८ च्या शस्त्र कायद्यातून राजेलोकांना सूट होती, आणि कोल्हापुरात तर छत्रपतींच्या खाली विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी अशा जहागिऱ्या, शिकारीची हौस सगळ्यांना, त्यामुळं शिलेखान्यात (शस्त्रागारात) विलायती माल भरपूर. नोंदी मोडी लिपीत, "विलायती तमंचा नग १" असलं काहीतरी लिहिलेलं, नंबर नाही की कंपनीचं नाव नाही. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, पलटण भारतीय लष्करात गेली, वाड्यांतली हत्यारं घराघरांत वाटली गेली. मागाचा पहिला तुकडा इथंच पडतो.

घरोघरी "हे ट्रायलचं" म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं स्पेनचं असतं. १९१५ मध्ये हत्यारं कमी पडली म्हणून इंग्रजांनी स्पेनकडून .४५५ ची रिव्हॉल्व्हरं घेतली, त्यावर इंग्रजी लष्करी शिक्का आहे पण ट्रायलशी काडीचा संबंध नाही. एकमेकांकडं टोक केलेले दोन बाण दिसले तर सैन्यातून विकून बाहेर काढलेला माल. "नॉट इंग्लिश मेक" असेल तर तो शिक्का १९२५ नंतर मारलेला. आणि मुकुटाखाली बीएनपी असेल तर तो हत्यार तपासून पास केल्याचा बर्मिंगहॅमचा शिक्का, १९५४ च्या नियमांनंतरचा, म्हणजे तेव्हा ते पिस्तूल विलायतेत होतं, त्यामुळं "शाहू महाराजांच्या काळापासून आमच्या वाड्यात" ही कथा तिथंच संपली.

आता खरा घोळ. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात किती हत्यारं ठेवायची याला मर्यादाच नव्हती, १९८३ ला तीन झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं दोन. सरकार आधी एकावरच आणणार होतं, विरोध झाला म्हणून दोन. नेमबाजी क्लबांना वगैरे सवलत राहिली. बेकायदा हत्यारं आणि लग्नातला गोळीबार रोखायचा असं कारण दिलं, ते ठीक आहे, पण परवाना काढून, वेळेवर नूतनीकरण करून, निवडणूक आली की पोलिसात जमा करून परत आणणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध हे मला अजून कळलेलं नाही. त्यात वारसानं आलेलं हत्यार पण त्या दोनातच मोजायचं असं कायद्यात स्पष्ट घातलं. आजोबांची बारा बोअर, वडिलांचं .३२ आणि पणजोबांचं ते जुनं पिस्तूल असं असलं तर लोकांनी काय ठेवलं असेल? जे चालतं ते. रानडुकरासाठी बंदूक ठेवली, संरक्षणाला .३२ ठेवलं आणि ज्याच्या गोळ्या मिळत नाहीत ते जुनं पिस्तूल पोलीस ठाण्यात नाहीतर डीलरकडं जमा केलं. मुदत एक वर्षाची, त्यात २०२० चं लॉकडाऊन, म्हणजे शांतपणे कागद शोधून जोडायला कुणाला सवड होती. हत्यार एकीकडं, जुना परवाना दुसरीकडं, आजोबांचं पत्र तिसऱ्या चुलत्याच्या ट्रंकेत. हत्यार वितळलं नाही तरी माग वितळला असं मी म्हणतो. सवलतीच्या यादीत संग्राहकासाठी एक वेगळा रकाना ठेवला असता तर काही बिघडलं नसतं.

मग लोक म्हणतात, अँटिक आहे ना, परवाना कशाला. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार सुटतं असं आहे, पण पुढं शेपूट आहे, दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं. हे शेपूट फक्त मोडक्याला की तिन्हींना यावर वकील भांडू शकतात, पण चालू स्थितीतलं .४५ नुसतं शंभरी गाठली म्हणून परवान्यातून सुटेल या भरवशावर कुणी राहू नये. शंभर वर्षांचा हिशेब १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात आहे, आणि तो लागला की खाजगी माणसाला ती वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे परदेशी लिलावाचा रस्ता बंद. अमेरिकेत परत अँटिकची रेघ १८९८ ला, त्यामुळं १९०१ चं लुगर तिथं पण त्या अर्थानं अँटिक नाही.

या सगळ्यामुळं इथले बरेच जण नळीला भोक पाडून निकामी केलेले नग घेतात. भाव पडतो, पण नंबर, शिक्के, तपासनिसाची आद्याक्षरं शाबूत असतात आणि माग काढायला तेवढंच लागतं. फक्त घेताना आधीच्या मालकाच्या परवान्याची झेरॉक्स मागून घ्यायची, २०१९ च्या आधीची असेल तर उत्तम, कारण त्यात तिसरं हत्यार पण लिहिलेलं असतं.