पार्श्वभूमी : ‘घरची’ नानकटाई, ‘घरगुती’ केक

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डरी सुरू होतात. नानकटाई, केक, पाव, सगळ्याच्या आधी ‘घरगुती’ लावलेलं असतं. या शब्दाचा अर्थ पुण्यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बराच सरकला आहे.

पेठांतल्या स्वयंपाकघरात भट्टी कधीच नव्हती. पाव-बिस्किटं कॅम्पातून किंवा कोपऱ्यावरच्या बेकरीतून यायची. १९७०-८०च्या दशकांत मात्र दिवाळीआधी घराघरांतून मैदा, पिठीसाखर, तूप नाहीतर डालडा आणि वेलचीपूड डब्यांत भरून बेकरीत जाई. काही जणी तूप-साखर घरीच परातीत तळहाताने फेसून नेत. मिश्रण पांढरंशुभ्र, हलकं झालं, पाण्यात थेंबभर टाकल्यावर तरंगलं, की मगच मैदा आणि चिमूटभर खायचा सोडा. पावाचा घाणा निघाला की उतरत्या आचेवर पत्र्याचे काळे ट्रे आत सरकत. बेकरीवाला घेई ती फक्त भाजणावळ.

भट्टी परक्याची, तरी त्या नानकटाईला सगळे ‘घरची’च म्हणत, कारण तूप कुठलं, किती आणि कोणी फेसलं, हे घराला ठाऊक असे. मला हाच अर्थ खरा वाटतो.

पुढे काचेच्या झाकणाचे गोल अ‍ॅल्युमिनियमचे ओव्हन आले. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांनी शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये वाळू तापवून केक केले.

खरा गुंता २०२०च्या टाळेबंदीनंतर वाढला. यीस्ट मिळेनासं झालं होतं, तरी घरोघरी पाव भाजले गेले आणि त्यातून कित्येकींचा व्यवसाय उभा राहिला. मागणी वाढली तसं तयार प्रीमिक्स आलं. पाकीट फोडायचं, पाणी-तेल घालायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं. हेही ‘घरगुती’च ठरलं, कारण ओव्हन घरात होता.

कायद्यातून याचा निकाल लागत नाही. २००६चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११पासून लागू झाला. तो पदार्थ विकला जातो का, एवढंच बघतो. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर १०० रुपयांत नोंदणी, असा तेव्हाचा नियम होता, मग स्वयंपाकघर राहत्या घरातलं असो वा भाड्याच्या गाळ्यातलं. पाकीटबंद मालावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. प्रीमिक्सच्या पाकिटावर ते असतातही, पण केक गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तेव्हा पाकीट कचऱ्यात गेलेलं असतं.