वीस मिनिटांची रक्तगोठण चाचणी

साप चावलेल्या माणसाचे रक्त गोठते की नाही, हे कोणत्याही यंत्राविना पाहण्याची पद्धत. शिरेतून काढलेले दोन-तीन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच आडवी करतात. गुठळी जागची हलली नाही तर ठीक; रक्त वाहिले तर प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचे औषध, सुरू करायचे.

नळी काचेचीच हवी. काचेच्या पृष्ठभागाला लागताच रक्त गोठवणाऱ्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या घटकांपैकी बारावा घटक जागा होतो आणि तिथून रक्तक्लथनाची, म्हणजे रक्त गोठण्याची, साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या किंवा धुण्याच्या पावडरने विसळलेल्या नळीत हे नीट घडत नाही. मग धडधाकट माणसाचे रक्तही पातळ राहू शकते. चाचणी बिघडते ती बहुधा इथे, नाहीतर दहाव्याच मिनिटाला नळी तिरकी करून डोकावण्याच्या मोहाने.

कोल्हापूर भागात या चाचणीचा संबंध मुख्यतः घोणशीशी येतो. उसाच्या सरीत पाचट असते, पाचटात उंदीर, आणि उंदरामागे घोणस. गावाकडे ‘साप चावला’ म्हणणे टाळतात. ‘पान लागलं’ म्हणतात, आणि सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’. शेजारच्या शिराळ्याच्या नागपंचमीमुळे नागाचा बोलबाला मोठा, पण रक्त नासवणारा साप तो नव्हे. अजगराचे पिल्लू समजून लोक जिच्या जवळ जातात ती घोणस, आणि घाटाखाली कोकणात फुरसे.

घोणशीचे विष रक्त पातळ करते हा समज अर्धाच खरा आहे. ते दहावा आणि पाचवा हे घटक एकदम चेतवते, गुठळी घडवणारे थ्रॉम्बिन भराभर तयार होते आणि ज्या प्रथिनापासून गुठळी बनते ते रक्तातले फायब्रिनोजेन गुठळ्यांत खर्ची पडते. रक्त इतके गोठते, की पुढे गोठायला काही उरत नाही. हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपू लागते. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

याच गुणाचा उलटा उपयोग इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी केला. हिमोफिलिया या, रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचे रक्त घोणशीच्या अतिसौम्य विषाने गोठते, असे त्यांनी १९३४ मध्ये दाखवले. दात काढल्यावर न थांबणाऱ्या रक्तस्रावावर ते वरून लावले जाई. पुढे १९६४ मध्ये याच मॅकफार्लेन यांनी गोठण्याचे घटक एकमेकांना कसे चेतवत जातात, त्याची साखळी मांडली. घोणशीचे विरल विष आजही प्रयोगशाळांत ल्युपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे गोठण्याच्या चाचणीत अडथळा आणणारी प्रतिपिंडे, शोधायला वापरतात.

कोल्हापुरात लोक ज्याला थोरला दवाखाना म्हणतात ते सीपीआर रुग्णालय जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. पण राधानगरी-गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवरून तिथे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून ही नळी गावच्या आरोग्य केंद्रात असणे जास्त मोलाचे. भारतीय प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. त्याचा एक मिलिलिटर घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. विष उतरले तरी फायब्रिनोजेन पुन्हा बनवायला यकृताला अवधी लागतो. म्हणून चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात; लगेच करून डोस वाढवत जाण्यात अर्थ नसतो.

नाग आणि मण्यार यांच्या दंशात मात्र ही नळी काही सांगत नाही. मण्यार चावलेल्याचे रक्त व्यवस्थित गोठते. तिथे पापण्या मिटू लागल्या आहेत का आणि श्वास नीट चालतो का, हे पाहावे लागते.